नंदितानं वाटणी मागितली तर काय बिघडलं?

‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या नंदिता वहिनीसाहेबांचा राग न येणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती माझी आत्या.

आत्याचं सासर कोऱ्हाळे बुद्रुक. बारामती तालुक्यात, निरा-बारामती रस्त्यावर, निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारं गाव. माझं माहेर, म्हणजे आत्याचंही माहेर, तिकडे इंदापूरच्या बाजूला. कॉलेजात असताना सुट्टीत मी महिना-महिना आत्याकडे राहायचे. संध्याकाळी साडेसातला ‘तुझ्यात जीव रंगला’ आणि आठला ‘माझ्या नवऱ्याची बायको’, हा तास त्या घरात कुणी मोडत नसे. शेजारच्या दोघीतिघी ताटं झाकून यायच्या. टीव्हीसमोर बायका, मागे खाटेवर ‘मी काय ते बघत नाय’ म्हणणारे आत्याचे मिस्टर, आणि त्यांना सगळी पात्रं नावानिशी पाठ.

माझं शिक्षण साहित्याचं. समीक्षा म्हणजे काय, यावर मी परीक्षेत उत्तरं लिहिली होती. मालिकांबद्दल माझं मत वर्गात ठरून गेलेलं होतं: बायकांना मागे नेणारी, त्याच त्या सासू-सुनांची करमणूक. ते मत आजही मी पूर्ण सोडलेलं नाही. पण त्या तासात आणि दुसऱ्या दिवशी खुरपताना जे बोलणं मी ऐकलं, ते मालिकेपेक्षा फार पुढे होतं. हा लेख त्या बोलण्याबद्दल आहे.

काल काय झालं?

बोलणं सुरू व्हायचं एका साध्या प्रश्नावरून. कुणाची लाइट गेलेली असायची, कुणाकडे पाहुणे आलेले असायचे, कुणाच्या सेट-टॉप बॉक्सचा रिचार्ज संपलेला असायचा. सकाळी उसात खुरपायला बसलं की ती विचारायची, ‘काल काय झालं?’ मग जिनं पाहिलं होतं ती सांगायची.

हे सांगणं नीट ऐकण्यासारखं असतं. अर्ध्या तासाचा भाग, त्यातल्या जाहिराती सोडल्या तर वीस-बावीस मिनिटं. सांगणारी ते चार वाक्यांत संपवते. कधी एकाच: ‘काय नाय गं, नुसत्या एकमेकींकडं बघत हुत्या.’ एका संवादावर पाच चेहरे, प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा जाणारा कॅमेरा आणि विजेचा कडकडाट, या सगळ्या पद्धतीवर यापेक्षा नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. जे सांगण्यासारखं नाही ते ती सांगतच नाही. आणि एखादा प्रसंग खरोखर चांगला झाला असेल, तर खुरपं बाजूला ठेवून उभी राहून करून दाखवते.

मधेच तिला कुणीतरी अडवतं. ‘असं कसं म्हणाली ती? सासऱ्याच्या तोंडावर?’ मग वाद. ती म्हणालीच नसती, लिहिणाऱ्यानं तिच्या तोंडी घातलं, असं एकीचं म्हणणं. नाय, परवाच्या प्रसंगानंतर ती असंच बोलणार, असं दुसरीचं. पात्र आतून सुसंगत आहे की लेखकानं सोयीसाठी वाकवलंय, हा तो वाद. आम्ही वर्गात हेच नाटकांबद्दल बोलायचो. फक्त आमच्या हातात खुरपं नव्हतं आणि ऊन लागत नव्हतं.

शहरात एक समज असतो की खेड्यातल्या बायकांना पात्र आणि नट यातला फरक कळत नाही. निळू फुल्यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. पडद्यावर त्यांनी इतके वाईट पाटील आणि सरपंच रंगवले, की प्रत्यक्षात सज्जन, सेवादलात घडलेल्या या माणसाला बायका घाबरायच्या. हे किस्से त्यांनी स्वतःही हसत सांगितलेत. पण ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव पाहून साखरपट्ट्यातली बाई घाबरली, तर ती फसली असं मला वाटत नाही. तो माणूस तिनं पाहिलेला असतो. नावं वेगळी असतात, इतकंच. तिची भीती नटाला लागली, पण तिचा पत्ता बरोबर होता.

आणि फरक कळतो की नाही, याचं उत्तर कोऱ्हाळ्यात रोज मिळायचं. ‘लागिरं झालं जी’मधला भैय्यासाहेब करणारा किरण गायकवाड पुढे २०२० साली ‘देवमाणूस’मध्ये खुनी डॉक्टर झाला, तेव्हा आत्या म्हणाली, ‘भैय्यासाहेबाला डाक्टरकी कुणी दिली?’ ही मालिका वाई तालुक्यात २०१६ साली उघड झालेल्या खून प्रकरणावर बेतलीय, हेही तिथं सगळ्यांना माहीत होतं. निरा नदी ओलांडली की फलटण, पुढं सातारा, वाई. बातमीला यायला वेळ लागत नाही. खऱ्या प्रकरणात अटक झाली, मग हा डॉक्टर अजून मोकाट कसा, असं विचारल्यावर शेजारची काकू शांतपणे म्हणाली, ‘टीआरपी हाय ना.’

गाव कुणी आणलं?

त्या वर्षांत पडद्यावर अचानक गाव आलं होतं. २०१६च्या फेब्रुवारीत सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित होणारी ‘रात्रीस खेळ चाले’, ऑक्टोबरात कोल्हापूरकडची ‘तुझ्यात जीव रंगला’, २०१७च्या मे महिन्यात साताऱ्याकडची ‘लागिरं झालं जी’. त्याआधीच्या मालिकांचं जग बहुतेक मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात होतं. ‘आभाळमाया’तली सुधा प्राध्यापिका होती, ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी बँकेत नोकरी करायची.

बदल का झाला? चॅनेलवाल्यांना मातीची ओढ लागली असेलही. पण एक कोरडी गोष्टही लक्षात ठेवावी. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’नं २०१५च्या ऑक्टोबरपासून ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली. तोवर गावातला टीव्ही लागलेला असो की बंद, आठवड्याच्या हिशेबात त्याची नोंद नव्हती. तो मोजला जायला लागला, आणि वर्षा-दीड वर्षात पडद्यावर वाडा, तालीम आणि शेत दिसायला लागलं. याला योगायोग म्हणणं जड जातं.

मग हे गाव कसं होतं? राणादा शेतकरी आणि पैलवान. भोळा, ‘चालतंय की’ म्हणणारा. अंजली शाळेत शिकवणारी, शिकलेली, समजूतदार. मोठा वाडा, भरपूर माणसं. आत्याच्या घरातल्या बायकांना राणादा आवडायचा. हार्दिक जोशीचं शरीर आणि हसू यांवर मोकळी चर्चा व्हायची, आणि आत्याचे मिस्टर तेव्हा हमखास बाहेर गोठ्याकडे जायचे. पण शेतकरी म्हणून राणादावर त्यांचा विश्वास नव्हता. ‘ह्याच्या उसाला पाणी कवा असतं? कालव्याची पाळी रात्री-अपरात्री येती. हा कवा दार धरायला गेल्याला दिसला न्हाय.’ सोसायटीचं कर्ज नाही, कारखान्याचं बिल थकलेलं नाही, तोडीसाठी टोळी येईना म्हणून चिटबॉयच्या मागे फिरणं नाही. मालिकेतल्या गावात जमीन होती, पण तिचं काम दिसत नव्हतं. जमीन फक्त एकाच कारणासाठी होती: तिच्यावर नंदिताचा डोळा असावा म्हणून.

मागणारी बाई

धनश्री काडगांवकरनं केलेली नंदिता ही त्या मालिकेतली सगळ्यात जिवंत व्यक्तिरेखा. भारी साड्या, ठसक्यातलं बोलणं, आणि गायकवाडांची मालमत्ता आपल्या हातात यावी म्हणून चाललेली कारस्थानं. बायका तिला मनापासून शिव्या द्यायच्या आणि ती दिसली नाही तर चुळबुळ करायच्या. चांगल्या खलनायिकेला आणखी काय हवं असतं?

एका संध्याकाळी तिचं काहीतरी कारस्थान चालू होतं. नेमकं कोणतं ते आता आठवत नाही. ती इतकी होती. सगळ्या जणी तिच्या नावानं बोटं मोडत होत्या. आत्या लसूण सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘फसवती ते चुकलंच तिचं. पर वाटणी मागितली तर काय बिघडलं?’

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग एक काकू म्हणाली, ‘व्हय, नवऱ्याची वाटणी तर हाय की तिची.’ दुसरी म्हणाली, ‘नवऱ्याची हाय. तिची कुठं?’ तिथून जे बोलणं निघालं त्यात नंदिता पाच मिनिटंच राहिली. पुढचा अर्धा तास वाटणीच होती.

इथे मला एक घरगुती गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर आत्याचं वाक्य कळणार नाही. आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होते. वारसनोंद झाली, त्यात आत्यांचीही नावं लागली. काही महिन्यांनी दोन्ही आत्यांना गाडी पाठवून तालुक्याला नेलं आणि दुय्यम निबंधकांपुढे हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. आमच्याकडे याला ‘नावं कमी करणं’ म्हणतात. त्या दिवशी घरी पुरणपोळी होती. आत्यांना साड्या घेतल्या होत्या. मला तो दिवस सणासारखा आठवतो. ज्यांच्या नावे ती जमीन झाली, ते माझे वडील.

यात आमच्या घराचं वेगळं काही नाही. हिंदू वारसा कायद्यानं १९५६पासूनच वडिलांच्या हिश्शात मुलीला वारस मानलेलं आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात बदल करून तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्रानं तो सगळ्याच मुलींना दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मानं मिळतो. कायदा पायरी-पायरीनं मुलीकडे सरकत आला. आणि प्रत्येक पायरीवर गावानं एक कागद तयार ठेवला, ज्यावर ती स्वखुशीनं ‘नको’ म्हणते. न म्हटलं तर माहेर तुटतं. भाऊबीज, बाळंतपण, सासरी काही वाईट झालं तर मागे फिरायची जागा, हे सगळं त्या सहीत अडकलेलं असतं.

आत्यानं सहीबद्दल आमच्या घरी कधी एक शब्द काढला नव्हता. माझ्यासमोर तर शक्यच नव्हतं, कारण मी तिच्या भावाची मुलगी. पण नंदिताबद्दल ती बोलू शकत होती. नंदिता कुणाची नणंद नव्हती, कुणाची भावजय नव्हती. तिच्यावर बोललं म्हणून कुणाच्या घरी निरोप जाणार नव्हता. आणि मला ऐकवायचं असेल, तर हाच एक रस्ता तिच्याकडे होता. तिनं मला ऐकवलं की ते सहज तोंडून निघालं, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

मालिकांबद्दलच्या गप्पांना ‘रिकामटेकडं बोलणं’ म्हणणाऱ्यांनी हे बघावं. ज्या विषयावर बोलायला घरात जागा नाही, तो विषय पात्राच्या नावानं उघडता येतो. आधी जात्यावरच्या ओव्यांमधून बायका भावा-भावजयीबद्दल, माहेराबद्दल बोलायच्या. ओवीतला भाऊ हा स्वतःचाही असे आणि कुणाचाही. जातं गेलं. साडेसातची मालिका आली.

पण मालिकेनं ही जागा मुद्दाम दिलेली नव्हती, हेही तितकंच खरं. मालिकेचं म्हणणं उलट होतं. नंदिता वाईट, कारण तिला मालमत्ता हवी. अंजली चांगली, कारण तिला फक्त माणसं हवीत. मराठी मालिकांचं हे जुनं गणित आहे: चांगली बाई काही मागत नाही. ती सोसते, सांभाळते, आणि शेवटी तिला जे मिळतं ते न मागता मिळतं. जी मागते, तिच्या मागे कर्कश संगीत वाजतं. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीला गाव जसं ‘गुणाची’ म्हणतं, तसंच. पडदा आणि निबंधक कार्यालय एकच शिकवण देत होते, आणि आत्यानं लसूण सोलता सोलता त्या दोन्हींना एक प्रश्न विचारला.

तीनशे कोटी

आठ वाजता राधिका यायची. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली, अनिता दातेची राधिका सुभेदार. नागपूरकडची, बोलण्यात वऱ्हाडी हेल, त्यामुळे नवऱ्याला गुरुनाथला ती गावंढळ वाटते आणि तो शनायाच्या मागे जातो. राधिका रडत बसत नाही. मसाले करते, धंदा उभा करते, आणि बघता बघता तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण होते.

हे तीनशे कोटी तुम्हाला आठवत असतील. त्यावर मीम्सचा पाऊस पडला होता. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर रोज एक यायचं. डबे भरून तीनशे कोटी! आम्ही हसायचो. या हसण्यात थोडं असंही होतं, की मसाले कुटणारी बाई कुठली कंपनी काढणार.

कोऱ्हाळ्यातल्या बायकाही त्यावर हसल्या, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता: ‘भांडवल कुठनं आलं?’ त्यांच्यातल्या तिघी बचत गटात होत्या. मसाला त्यांनीही करून विकला होता. मिरची कधी स्वस्त असते, डंखावर कांडायचा दर काय, पिशवीवर छापायला किती जातात, उधारी कोण बुडवतं, हे त्यांना पाठ होतं. गटाचं कर्ज किती छोटं असतं, आणि त्याहून मोठं हवं तर बँक काय मागते, तेही. ‘सातबारा मागती. आपल्या नावावर सातबारा हाय का? मग राधिकेनं काय तारण ठिवलं?’

माझ्या मते त्या मालिकेवर झालेली ही सगळ्यात गंभीर टीका होती. मीम म्हणत होतं, बाई इतकी मोठी होऊ शकत नाही. काकू म्हणत होती, बाई नक्की होईल, पण तुम्ही मधली पायरी लपवलीत. तारण ठेवायला जमीन नसलेली बाई मोठी होते कशी, ते दाखवा. राधिकेच्या यशावर तिचा विश्वास होता. लेखकाच्या आळसावर नव्हता.

आणि आता नंदिता आणि राधिका शेजारी ठेवून पाहा. साडेसातची बाई मालमत्ता मागते म्हणून वाईट. आठची बाई नवऱ्याकडे, सासऱ्याकडे, बापाकडे काही न मागता शून्यातून तीनशे कोटी उभे करते म्हणून आदर्श. पुढे स्टार प्रवाहवर २०१९च्या डिसेंबरात ‘आई कुठे काय करते’ आली. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’; हिंदीतली ‘अनुपमा’ही त्याच कथेची. त्यातली अरुंधती पंचवीस वर्षांचा संसार मोडल्यावर गाण्यात स्वतःचं स्थान मिळवते. मधुराणी प्रभुलकरनं ती फार संयमानं केली आणि माझ्या आईसकट अनेक बायकांना तिनं धीर दिला. पण सूत्र तेच: बाईनं आपलं नवं कमवावं. जे आधीच तिचं आहे, ते मागण्याची गोष्ट कुणी लिहीत नाही. कमवण्यात कुणाच्या ताटातलं जात नाही. मागण्यात भावाच्या ताटातलं जातं. मालिका घरातल्या सगळ्यांनी बसून बघायची असते, आणि भाऊही समोर बसलेला असतो.

‘शनाया आली बघ’

या गप्पांचा नुसता गौरव करून थांबलं तर ते खोटं होईल. जे नाव मोकळं करतं, ते मारायलाही वापरता येतं.

गुरुनाथनं संसार मोडला, पण शिव्या शनायाला जास्त पडल्या. रसिका सुनीलनं भूमिका सोडली, मग इशा केसकर आली, नंतर रसिका परत आली. नटी बदलली तरी राग तोच राहिला. गुरुनाथवर बायका हसायच्या, ‘मेला’ म्हणायच्या आणि सोडून द्यायच्या. त्याची फजिती ही करमणूक होती. शनायाची फजिती हा न्याय होता. आणि हा फरक टीव्हीपाशी थांबला नाही. नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, तालुक्याला नोकरीला जाणारी, जीन्स घालणारी एखादी रस्त्यानं गेली, की त्याच ओट्यावरून आवाज यायचा, ‘शनाया आली बघ.’ ती बाई नवरा मारतो म्हणून आलेली असली तरी.

ज्या तोंडानं नंदिताला तिची वाटणी दिली, त्याच तोंडानं हे बोललं जायचं. मी तेव्हा गप्प बसले, कारण मी पाहुणी होते. आज वाटतं, तिथेही कुणीतरी लसूण सोलत विचारायला हवं होतं: लग्न कुणाचं होतं? वचन कुणी मोडलं? मग शिव्या कुणाला? मी समीक्षा शिकत होते आणि नेमक्या त्या वेळी मला प्रश्न सुचला नाही.

कानात घातलेली मालिका

२०२०च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली. रामायण पुन्हा लागलं, जुने भाग पुन्हा दिसले. जुलैत नवे भाग आले तेव्हा बघायची सवय बदललेली होती. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घरोघरी दुसरा स्मार्टफोन आला होता, आणि दुपारी तो आईच्या हातात होता.

आता आत्या मालिका फोनवर बघते. ‘ठरलं तर मग’ तिला आवडते. भाग कधीही बघता येतो, नको तो प्रसंग पुढे ढकलता येतो. कानात इअरफोन असतात, म्हणून चुलीपाशीही बघता येतो. तिची सून तेव्हा दुसऱ्या खोलीत दुसरं काहीतरी बघत असते. लाइट गेली तरी अडत नाही. थोडक्यात, कुणाला ‘काल काय झालं?’ विचारायची गरज उरलेली नाही.

जुनं ते सोनं, असं मला म्हणायचं नाही. साडेसातच्या त्या तासात सुनेला कधी निवांत बसायला मिळायचं नाही. चहा तीच करायची. आज तिला तिचा फोन आहे, आणि रिमोट कुणाच्या हातात यावरून भांडण नाही. पण एक फरक मोठा आहे. मालिका एकटीनं बघता येते. तिच्याशी भांडायला मात्र दुसरी लागते. ‘वाटणी मागितली तर काय बिघडलं?’ हे वाक्य आत्या इअरफोन लावून कुणाला म्हणणार?

ज्या पिढीचं आम्ही सगळे आहोत, तिच्या गप्पा आता स्क्रीनवर होतात. रील, मीम, भागाखालच्या कमेंट्स. तिथं हुशारी खूप आहे. एखाद्या प्रसंगातली चूक दहा मिनिटांत पकडली जाते. पण तिथं शेजारी कोण बसलंय ते माहीत नसतं. आत्याच्या वाक्याला वजन होतं, कारण ते ऐकणाऱ्यांत तिच्या भावाची मुलगी होती आणि दोन घरं सोडून राहणारी, स्वतःच्या नणंदेची सही घेतलेली काकूही होती. टीकेनं कुणालातरी अवघडायला व्हावं लागतं. मीम पाहून कुणी अवघडत नाही.

मागच्या दिवाळीत माझा भाऊ सहज म्हणाला, की बाबांच्या नंतर कटकट नको, आत्ताच कागद करून ठेवू. तो वाईट नाही. त्यानं आवाजही चढवला नाही. आईनं विषय बदलला. माझ्या डोळ्यांसमोर पुरणपोळीचा तो दिवस आला, आणि मला नंदिता आठवली. मी म्हटलं, ‘बघू.’ अजून सही केलेली नाही. काय करणार, हेही अजून ठरलेलं नाही. पण ‘बघू’ म्हणण्याइतकी जागा मला कुठून मिळाली, ते मला माहीत आहे.

त्यानंतर कोऱ्हाळ्याला गेले तेव्हा आत्याला विचारलं, ‘नंदिताचं तू काय केलं असतंस? तू मालिका लिहीत असतीस तर?’

तिला विचार करावा लागला नाही. ‘पयल्याच म्हयन्यात तिची वाटणी तिला देऊन टाकली असती. मग बघितलं असतं, काय करती ते.’

‘पण मग मालिकाच संपली असती की, आत्या.’

‘संपू दे,’ ती म्हणाली.

‘तुझ्यात जीव रंगला’ ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०२१, अशी चार वर्षांहून जास्त चालली.